आत्याकडे तिला दम लागत नसे

"पालीची हवा मानवली हो तुमच्या पोरीला," असं कुणी म्हटलं की मी हसून मान डोलवायचे आणि घरी येऊन भांडी आदळायचे. सात महिन्यांत हे वाक्य मी शाळेच्या स्टाफरूममध्ये ऐकलं, मासळीबाजारात ऐकलं, देवळाच्या पायरीवर ऐकलं. बोलणाऱ्याच्या मनात काही नसायचं. माझ्या मनात मात्र त्याचा अर्थ एकच व्हायचा: तुझ्याजवळ ती गुदमरत होती, दुसरीकडे गेली आणि फुलली.

माझी लेक तेव्हा नऊ वर्षांची होती, चौथीत. तिसऱ्या वर्षापासून तिला बाळदमा होता. आमचं गाव अलिबागपासून सात-आठ किलोमीटरवर, समुद्राला लागून. नारळी-पोफळीची वाडी, वाडीत घर, आणि घराच्या मागच्या अंगाला पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन खोल्या. वाडी आणि खोल्या नवरा बघतो. मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. सातवीच्या वर्गाला दरवर्षी श्वसनसंस्था शिकवते. फळ्यावर फुप्फुसांची आकृती काढते, आणि चांगली काढते. मुलं वहीत उतरवून घेताना एकमेकांना दाखवतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे ते काही अडाणीपणातून झालेलं नाही.

घरात एकाला दमा असला की सगळ्या घराला तो असतो. आमच्याकडे केळी यायची बंद झाली, दही बंद झालं, पाहुण्यांकडे मुक्कामाला जाणं बंद झालं. लग्नाचं आमंत्रण आलं की मी आधी विचारायची, हॉलमध्ये धूर असेल का, एसी आहे का, मग काहीतरी कारण सांगून एकटाच नवरा जायचा. सासूबाई अडुळशाचा काढा करायच्या, छातीला ओव्याचा शेक द्यायच्या. नवऱ्याने मला न विचारता घरातली मांजर लांबच्या वाडीत नेऊन सोडली आणि लेक दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

डॉक्टरांनी दोन पंप दिले होते. एक रोजचा, सकाळ-संध्याकाळ, दम असो वा नसो. दुसरा निळा, दम लागला तर. दोन्ही स्पेसर नावाच्या नळकांड्यातून घ्यायचे. निळा मी नेहमी जवळ ठेवायची. रोजचा मात्र पंधरा दिवस द्यायची, ती बरी दिसली की थांबवायची, पुन्हा खोकली की सुरू करायची. सासूबाई म्हणायच्या, "एकदा पंपाची सवय लागली की जन्माची लागली." स्टाफरूममध्येही हेच ऐकायला मिळायचं. सवय वगैरे लागत नाही हे मला ठाऊक होतं. पण रोज सकाळी तो पंप हातात घेतला की मला रोज सकाळी मान्य करावं लागायचं की माझ्या मुलीला दमा आहे. नाही घेतला, तर तेवढा दिवस नाही, असं वाटायचं. शिवाय कुणी बघेल ही धास्ती. मुलीची जात. पंप द्यायचा तो आतल्या खोलीत, दार लोटून. लेकीलाही मी तसंच शिकवलं होतं. बाहेर कुणी आलेलं असलं की ती पंप ओढणीखाली लपवून आत जायची. तिला ओढणीची गरज नव्हती, त्या वयात कुणी ओढणी घेत नाही. माझी एक जुनी ओढणी तिने त्यासाठीच ठेवली होती.

त्या वर्षी आषाढात तिला अलिबागच्या इस्पितळात पाच दिवस ठेवावं लागलं. तिसऱ्या दिवशी माझी नणंद पालीहून आली.

नणंद माझ्या नवऱ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. दहावीला गणितात दोनदा नापास झाली आणि पुढे शिकली नाही. पालीच्या बाजारपेठेत तिचं आणि तिच्या यजमानांचं झेरॉक्सचं दुकान आहे. मूलबाळ झालं नाही. बोलणं एकदम फटकळ. गिऱ्हाईकालाही सोडत नाही: "आधार कार्ड सरळ ठेवा हो, वाकडं काय ठेवताय." ती इस्पितळात आली, लेकीच्या कपाळावरून हात फिरवला आणि डॉक्टर राउंडला आले तेव्हा त्यांना अडवूनच बसली. रोजचा पंप किती वेळा? एकदा दाबल्यावर श्वास किती घ्यायचे? नंतर चूळ भरायची ती कशासाठी? नळकांडं धुवायचं कशाने? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. असले प्रश्न विचारणारी आमच्या घरची, आणि मी बाजूला उभी, बीएस्सी बीएड. यातला एकही प्रश्न मी सहा वर्षांत विचारला नव्हता. मला सगळं येतं असं मी धरूनच चालले होते.

डिस्चार्जच्या दिवशी ती माझ्या नवऱ्याला म्हणाली, "महिनाभर नेते हिला. तुमच्याकडे भिंतींना ओल, न्हाणीत सकाळ-संध्याकाळ चूल पेटते, खोल्यांमागे तुम्ही वाळक्या पानांचा पातेरा जाळता. कशी बरी होणार ती तिथे?"

"समुद्राची हवाच तिला सोसत नाही," सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "न्या." खरं सांगायचं तर त्या क्षणी मला हायसं वाटलं. ती गेल्यावर पहिला आठवडा मी फक्त झोपले. शाळेतून आले की झोपायची, रविवारी दुपारभर झोपायची. सहा वर्षं माझा एक कान सतत तिच्या छातीशी असायचा, तो पहिल्यांदाच मोकळा झाला होता.

दुसऱ्या आठवड्यात झोप पुरी झाली आणि मी फोनची वाट बघायला लागले.

"आई, आज आम्ही सरसगडाच्या बाजूला गेलो. मी बऱ्याच पायऱ्या चढले!"

"धाप नाही लागली?"

"लागली थोडी. आत्या म्हणाली थांब, मग थांबले. मग परत चढले. आई, ठेवू का? आत्या घावन काढतेय, गरम खायचेत."

या पोरीला मी शाळेचा जिना कडेवर घेऊन चढवला होता. चार वर्षांची होईपर्यंत नाही, सात वर्षांची होईपर्यंत. आता ती गडाच्या पायऱ्या चढत होती आणि फोन ठेवायची घाई तिला होती.

महिन्याचे दोन झाले. ती खोकत नव्हती, वजन वाढलं होतं, मग सगळ्यांनीच ठरवलं की वर्षभर तिला तिथल्याच शाळेत घालावं. दाखल्याचा अर्ज मीच लिहिला. शाळेतले अर्ज लिहायला मला नेहमी बरं वाटतं, पण तो लिहिताना "पाल्याच्या प्रकृतीच्या कारणास्तव" या शब्दांवर माझं पेन अडलं. प्रकृती सुधारल्याच्या कारणास्तव, असं लिहायला हवं होतं. माझ्यापासून दूर गेल्यामुळे सुधारल्याच्या.

भाद्रपद संपल्यावर एका रविवारी मी पालीला गेले, एकटीच. वडखळला गाडी बदलली, नागोठणे, वाकण फाटा करत अकराच्या सुमाराला दुकानात पोहोचले. बल्लाळेश्वराला आलेल्या भाविकांची बाजारपेठेत ही गर्दी. लेक दुकानाच्या काउंटरमागे स्टुलावर बसली होती आणि कुणाच्या तरी सातबाराच्या प्रती मोजत होती. मला बघून धावत आली, गळ्यात पडली. केसांची तेल लावून घट्ट एकच वेणी. मी नेहमी दोन घालायची. एक वेणी तिला शोभत होती, हे मला दिसलं आणि ते बघून आनंद झाला नाही.

थोड्या वेळाने नणंदेने घड्याळाकडे बघितलं. "बायो, सकाळचा राहिला ना आज, घाईघाईत? घेऊन टाक."

लेकीने काउंटरच्या खणातून पंप काढला, हलवला, नळकांड्याला लावला आणि तिथेच, गिऱ्हाइकांच्या समोर, तोंडाला लावून दाबला. सावकाश श्वास घेतला, रोखला, सोडला. मग बाहेरच्या पायरीवर जाऊन चूळ भरली. कुणी तिच्याकडे टक लावून बघितलं नाही. शेतीचे कागद घेऊन आलेला एक म्हातारा तेवढा म्हणाला, "आमच्या नातवाला पण हाय ह्यो. पण तो घेतच न्हाय, लाजतो."

"त्याला आणा इकडे," लेक म्हणाली. "मी दाखवते कसा घ्यायचा."

म्हातारा हसला, नणंद हसली. मीही हसले. पण मी दाराआडच्या ज्या पोरीला ओळखत होते ती ही नव्हती. ही नणंदेने केली होती, माझ्याच पोरीतून. दुपारी जेवताना मी दोनदा म्हटलं की आमटीत मीठ जास्त झालंय. नव्हतं झालं.

दिवाळीला दोघी चार दिवस आल्या. अभ्यंगाला मी सुगंधी उटणं कालवलं, तर लेक मागे सरली. "वासाचं नको आई. आत्या नुसतं डाळीचं पीठ लावते." मी उटण्याची वाटी मोरीत ओतून दिली. नवरा म्हणाला, "अगं, ताई करतेय ते तिच्या भल्याचंच ना?" त्याला मी काय सांगणार? तिच्या भल्याचं होतं म्हणूनच तर मला सोसवत नव्हतं. नणंद तिला मारझोड करत असती, उपाशी ठेवत असती, तर मी सरळ भांडून मुलीला घेऊन आले असते. इथे भांडायला जागाच नव्हती.

मग मी जागा केली. संक्रांतीनंतर आमच्याकडे हळदीकुंकू असतं, गावातल्या साठ-सत्तर बायका येतात. मी नवऱ्याला सांगितलं की त्याआधी मुलीला घरी आणायचं, आणि कायमचं आणायचं. आता ती बरी झाली आहे, किती दिवस दुसऱ्याच्या घरी ठेवायची, लोक काय म्हणतील. शेवटचं वाक्य नवऱ्याला पटलं.

आणायला मीच गेले. नणंदेने लेकीचे कपडे घडी करून भरले होते. निघताना तिने माझ्या हातात एक वेगळी पिशवी दिली. त्यात दोन्ही पंप, स्पेसर, डॉक्टरांची चिठ्ठी.

"रोजचा चुकवू नको. ती बरी दिसली तरी चुकवू नको."

"मला कळतं ताई."

"कळतं ते माहितीये गं. देशील का, ते विचारतेय."

मी पिशवी खांद्याला लावली. लेक एसटीच्या खिडकीतून मान वळवून मागे बघत राहिली, बस वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत. मी तिला वाकणला वडापाव घेऊन दिला. तिने अर्धा खाल्ला.

घरी आल्यावर ती पिशवी मी माळ्यावर टाकली. निळा पंप तेवढा काढून घेतला. सासूबाईंना सांगितलं, आता रोजच्याची गरज नाही. लेक म्हणाली, "आई, सकाळचा?" तर म्हटलं, "तू बरी झालीस ना आता? बऱ्या माणसाला औषध नसतं." ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिने विश्वास ठेवला. आईवर ठेवतात तसा.

सवयीची भीती नव्हती त्या दिवशी, की लोकांची लाजही नव्हती. मला नणंदेचं काहीही माझ्या घरात नको होतं. तिच्या पिशवीशिवाय, तिच्या घड्याळाशिवाय माझी मुलगी माझ्याजवळ नीट श्वास घेते, हे मला दाखवायचं होतं. कुणाला दाखवायचं होतं? बहुधा तिलाच.

पहिला आठवडा काही झालं नाही. मी हवेत होते. स्टाफरूममध्ये सांगितलं, "बघा, काही हवाबिवा नसते. आईजवळ मूल बरं राहतं." आठव्या दिवशी ती पहाटे खोकली. नवव्या दिवशी न्हाणीच्या चुलीचा धूर घरात आला तेव्हा बराच वेळ खोकली. निळा पंप दिला, थांबली. पुढचे दोन दिवसही असंच. मी स्वतःला सांगितलं, हवापालट आहे, थंडी आहे, होईल सवय.

बाराव्या दिवशी हळदीकुंकू. दुपारी चारपासून बायका यायला लागल्या. ओसरी भरली, माजघर भरलं. उदबत्त्या, गजरे, अत्तर, गुलाबपाणी. आत चहाचं आधण. लेकीने काळा फ्रॉक घातला होता आणि ती तिळगुळाचं ताट घेऊन फिरत होती. "किती छान झालीय हो आता," बायका म्हणत होत्या, आणि मी प्रत्येकीचं ऐकून घेत होते.

मग मला ती माजघराच्या दारात थांबलेली दिसली. खांदे वर-खाली होत होते. ताट तिने भिंतीला टेकवून धरलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं. आणि मी काय केलं, तर डोळ्यांनी खूण केली: आत जा. माझ्या समोर त्या वेळी गावातल्या सगळ्यात मोठ्या वाडीच्या मालकीणबाई बसल्या होत्या. मी त्यांना कुंकू लावत होते. हात थांबवला नाही. आणखी तिघींना कुंकू लावलं, वाण दिलं, मग आत गेले.

ती पलंगाच्या कडेला बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. गळ्याखालचा खळगा दर श्वासाला आत ओढला जात होता. ओठांचा रंग उतरला होता. मी निळा पंप तिच्या तोंडात धरून दाबला. ती ठसकली, औषध बाहेरच आलं. पुन्हा दाबला, पुन्हा ठसकली. ती काहीतरी सांगत होती, एकेक शब्द तोडून.

"आत्या... ला... बोलव."

ते ऐकून माझं मन किती लहान आहे ते मला कळलं. मूल समोर गुदमरत होतं आणि मला आधी जो काटा टोचला तो त्या शब्दाचा. क्षणभरच, पण टोचला.

मी फोन लावला. पालीला पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"ताई, तिला दम लागलाय. पंप जात नाहीये आत."

"स्पेसर लाव."

"माळ्यावर आहे."

मग ती म्हणाली, "काढ. रडू नको. फोन स्पीकरवर ठेव, मी आहे."

मी स्टुलावर चढले. वरचे डबे खाली पडले, आवाज झाला. त्या आवाजाने कुणीतरी आत आलं. बघते तर मालकीणबाई. त्यांनी शालूचा पदर खोचला, लेकीच्या शेजारी बसल्या आणि तिची पाठ धरली. "आडवी करू नकोस हो हिला. अशी पुढे वाकून बसू दे. खिडकी उघड आधी, आणि त्या उदबत्त्या विझवायला सांग."

फोनमधून नणंदेचा आवाज येत होता. "एकदा दाब. बायो, माझं ऐक, सावकाश घे. एक. दोन. तीन. चार. आता परत दाब. हलव आधी." मी दाबत होते, ती मोजत होती, मालकीणबाई पाठ चोळत होत्या. दाराशी बायका जमल्या होत्या. ज्यांच्यापासून सहा वर्षं लपवलं त्या सगळ्या.

थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही. मालकीणबाईंनी त्यांच्या ड्रायव्हरला हाक मारली. नवरा खोल्यांकडून धावत आला आणि त्याने लेकीला उचलून गाडीत बसवलं. गाडीत त्या तिला छातीशी धरून बसल्या होत्या. कुणाकडेही न बघता त्या म्हणाल्या, "माझ्या धाकट्याला होतं. बारावीपर्यंत. दार लावून पंप द्यायचे मी. त्याच्या बायकोला अजून माहीत नाही."

इस्पितळात नेब्युलायझरची वाफ लावली, ऑक्सिजन लावला, सलाईनमधून इंजेक्शन दिलं. तासाभराने तिचा रंग परत आला. डॉक्टरांनी चिठ्ठी बघितली आणि विचारलं, "रोजचा पंप चालू आहे ना?"

नवरा म्हणाला, "हो, हो."

मी म्हटलं, "नाही. मी बंद केला."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. तसं त्याने माझ्याकडे त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

"का बंद केलात?" डॉक्टरांनी विचारलं.

मला खरं कारण सांगता येईना. मी म्हटलं, "पालीची हवा तिला मानवली होती, म्हणून वाटलं..."

"बाई, पालीला काय पाऊस कमी पडतो? तिकडची हवाही दमटच. तिकडे धूर नव्हता आणि रोजचं औषध रोज छातीत जात होतं. फरक असलाच तर तेवढाच." ते शांतपणे बोलले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

रात्री नणंद आली, दुकानातल्याच साडीवर. रात्रभर लेकीजवळ बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी लेक बसून इडली खायला लागली, तेव्हा आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर आलो. मी ठरवलं होतं, बोलून टाकायचं.

"ताई, मी ती पिशवी मुद्दाम माळ्यावर टाकली. विसरले नाही."

"माहितीये. माळ्यावर म्हणालीस तेव्हाच कळलं."

"तुमचा हेवा वाटत होता मला. तिला तुमच्याकडे दम लागत नव्हता, त्याचाच राग येत होता."

ती समोरच्या पार्किंगकडे बघत होती. मला वाटलं आता फटकारेल. तिचा स्वभाव तसाच.

"तू नेलीस ना तिला," ती म्हणाली, "त्याच्या आधी महिनाभर मी रोज बघत होते. एक दिवस खोकत नाही, दोन दिवस खोकत नाही. पंप देत होते हो, अगदी वेळेवर. पण देताना मनात यायचं, ही अशीच बरी राहिली की घेऊन जाईल तिची आई. एखाद्या दिवशी वाटायचं, खोकली जराशी तर काय बिघडेल." तिने पदराने तोंड पुसलं. "नऊ वर्षांचं पोर. आणि मी असं चिंतायची."

मी तिचा हात धरला नाही, तिने माझा धरला नाही. आम्ही तशा बायका नाही. आतून लेकीने चटणी हवी म्हणून हाक मारली, "आई!" आणि आम्ही दोघीही उठलो. मग नणंद परत खाली बसली आणि मी गेले.

लेक घरी राहिली. न्हाणीतली चूल मी त्याच आठवड्यात बंद केली. सासूबाई दोन महिने म्हणत होत्या की गिझरच्या पाण्याने अंग शेकत नाही. पातेरा जाळायचा नाही, वाडीच्या टोकाला खड्ड्यात कुजवायचा, हे नवऱ्याने ठरवलं. पर्यटकांनी शेकोटी मागितली की तो सरळ नाही म्हणतो. पिशवीतला रोजचा पंप चहाच्या डब्यांच्या फळीवर आला. पहिले काही दिवस पाहुणे आले की माझा हात आपोआप दाराकडे जायचा. लेकच म्हणायची, "असू दे उघडं, आई."

मालकीणबाई पुढच्या महिन्यात त्यांच्या धाकट्या सुनेला घेऊन आल्या. नातवाला रात्रीचा खोकला होता आणि सून घाबरली होती. माझ्या लेकीने त्या दोघींना स्पेसर कसा धरायचा ते दाखवलं. मी चहा केला. शाळेतही मी पालकसभेत उठून सांगितलं, नावं न घेता, माझं स्वतःचं. सभा संपल्यावर चार आया व्हरांड्यात रेंगाळत थांबल्या, एकेकीने बाजूला घेऊन विचारलं. चौघींनीही आवाज हळू केला होता. मीही सहा वर्षं तसाच करत होते, म्हणून ओळखू आला.

आता लेक चौदाची आहे. डॉक्टरांनी रोजच्या पंपाचं प्रमाण कमी केलं आहे, निळा क्वचित लागतो. शाळेच्या खो-खोच्या संघात ती आहे. धावायच्या आधी काय घ्यायचं ते तिचं तीच बघते, मला विचारत नाही. सुट्टी लागली की पालीला जाते. तिची बॅग भरून देताना मी दरवेळी काहीतरी विसरते, एकदा टॉवेल, एकदा चप्पल. मुद्दाम नाही, पण विसरते.

गेल्या मे महिन्यात तिने तिकडून फोन केला. "आई, मी दहावीनंतर अकरावी इकडेच करू का? आत्याकडे राहून?"

"बघू," मी म्हटलं, आणि लगेच नणंदेला फोन लावला.

"ताई, हे तुम्ही घातलंत का तिच्या डोक्यात?"

"नाही गं. शपथ. मला तर तिने आत्ता सांगितलं, तुला सांगितल्यावर."

"मला आधी सांगितलं?"

"हो. तुझा फोन झाल्यावर मला म्हणाली."

मी विळी पुढ्यात ओढली. मग विचारलं, "पण ऐकून बरं वाटलं ना तुम्हाला?"

"वाटलं की," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू?"

"बरं," मी म्हटलं. फोन ठेवला आणि भेंडी चिरायला घेतली. फार बारीक चिरली गेली.